उद्घाटनाआधी हात लावू नये

एहिगी स्ट्रीटचा ट्रान्सफॉर्मर फुटला तेव्हा श्री. ओसायांदे इयामू आंघोळ करत होते आणि त्यांच्या डोक्याला साबण होता. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात आपण अंगभर कपड्यांत असताना झाली असती, तर सगळ्या प्रकरणाला थोडी प्रतिष्ठा तरी राहिली असती, असं त्यांना अजूनही वाटतं. नायजेरियातल्या बेनिन सिटीच्या त्या भागात आवाज काही कमी नसतात, पण हा आवाज वेगळाच होता. इयामू टॉवेल गुंडाळून गेटपाशी आले. गल्ली आधीच जमली होती. खांबावरून काळा धूर निघत होता आणि घरमालक संघाचे अध्यक्ष चीफ इगिएबोर कमरेवर हात ठेवून त्या धुराकडे असे बघत होते, की जणू तो त्यांच्या परवानगीशिवाय निघाला होता.

इयामू दिसताच चीफनी हात वर केला. "हे आले सेक्रेटरी. चला, आता काळजी नाही. बाकीचे घरी जा, सेक्रेटरी बघतील."

संघाचं सेक्रेटरीपद इयामूंकडे दोन कारणांनी होतं. एक, त्यांचं अक्षर चांगलं होतं. दोन, निवडीच्या सभेला ते वेळेवर गेले होते आणि वेळेवर गेलेले तेवढे एकटेच होते. सरकारी शाळेत व्हाइस प्रिन्सिपल म्हणून ते निवृत्त झाले. प्रिन्सिपलची खुर्ची समोर दिसत असताना नेमकं सरकार बदललं, आणि खुर्चीवर कुणाचा तरी मेव्हणा बसला. त्यामुळे गल्ली त्यांना तोंडावर 'सर' म्हणे आणि पाठीमागे 'व्हाइस'. हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे गल्लीला ठाऊक नाही, एवढ्यावरच त्यांनी समाधान मानलं होतं.

टॉवेलवर सभा आटोपून ते घरात आले, तर मादाम एडुगी, म्हणजे त्यांची बायको, दोन्ही फ्रीझरवर हात पसरून उभी होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचं बर्फातल्या मासळीचं दुकान होतं. बांगडे विकत घ्यायचे ते अख्ख्या भागाने तिच्याकडूनच. इयामूंचं पेन्शन सरकारच्या लहरीनुसार यायचं, म्हणजे बहुतेक यायचंच नाही, आणि घर चालायचं ते या दोन फ्रीझरवर. हे इयामूंनी तोंडाने कधी कबूल केलं नव्हतं, पण जेवायला मात्र ते रोज बसत.

"पापा एसोसा," ती म्हणाली. थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारली की प्रकरण गंभीर आहे असं समजावं. "दोन दिवस जनरेटरवर ढकलीन. पुढे माझ्याच्याने होणार नाही. पेट्रोल मी ओतायचं आणि बांगडा खायचा लोकांनी, हा धंदा नाही, धर्मादाय आहे. लाइट आणा."

"आणतो," इयामू म्हणाले. माणसाने असे शब्द साबणाच्या डोक्याने उच्चारू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सल्ले सुरू झाले. कोपऱ्यावर अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळणाऱ्या ममा इतोहानचं मत होतं की कंपनीत जाताना काळे बूट घालावेत, तपकिरी बुटांना ते लोक हिंग लावून विचारत नाहीत. तिचा नवरा म्हणाला, ट्रान्सफॉर्मर फुटलाच नाहीये, तो रुसलाय, आतलं तेल बदललं की झालं. त्याच्या चुलतभावाच्या गल्लीत तेल बदललं होतं. मग काय झालं? मग तो पेटला. पण तेल चांगलं नव्हतं. शेजारचे पास्टर म्हणाले, उपास धरू. चीफ इगिएबोर म्हणाले, जे काही कराल ते संघाच्या शिक्क्यानिशी करा, आणि शिक्का घरी विसरून आले.

इयामू काळे बूट घालून वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं आणि मान हलवली.

"एहिगी स्ट्रीटला ट्रान्सफॉर्मर आहे."

"होता. फुटला."

"फुटला असेल सर, पण आमच्याकडे तो आहे. ज्या गल्लीला आहे, तिला दुसरा कसा द्यायचा?"

"मग 'नाही' असं लावा."

"तो जागेवरून हलवल्याशिवाय 'नाही' लागत नाही."

"मग हलवा."

"चालू ट्रान्सफॉर्मर हलवायची परवानगी नाहीये," तो माणूस दुखावल्यासारखा म्हणाला, "अख्खी गल्ली अंधारात जाईल."

इयामूंनी बत्तीस वर्षं वर्ग सांभाळला होता, पण असा विद्यार्थी त्यांना भेटला नव्हता. ते खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, गल्ली अंधारातच आहे." त्यावर त्या माणसाने त्यांना आपुलकीने शेवटचा उपाय सांगितला. रहिवाशांनी स्वतः ट्रान्सफॉर्मर विकत घ्यावा, कंपनीला भेट द्यावा, भेट स्वीकारायची की नाही यावर कंपनी विचार करील, आणि स्वीकारली तर त्याच ट्रान्सफॉर्मरच्या विजेचं बिल रहिवाशांना पाठवील. शिवाय निघताना त्याने चालू महिन्याचं बिलही हातात ठेवलं. मीटर बंद असल्यामुळे ते अंदाजे काढलं होतं, आणि अंदाज उदार होता.

घरी येईपर्यंत इयामूंचे काळे बूट धूळ बसून पिवळे झाले होते. ममा इतोहानने ते बूट बघितले आणि सगळं ओळखलं.

"सर, तुम्ही चुकीच्या दारात गेलात. कंपनीत लाइट नसते. लाइट ऑनरेबलकडे असते. निवडणूक तोंडावर आलीय. आत्ता मागाल तर बाबा घरी येऊन देईल, निवडणूक झाल्यावर तो तुम्हाला ओळखणारसुद्धा नाही."

ऑनरेबल एनोमा हे त्या भागाचे आमदार. मागच्या पाच वर्षांत ते गल्लीत एकदाच आले होते, तेही रस्ता चुकून. पण ममा इतोहानचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि मुख्य म्हणजे घरातले बांगडे थांबायला तयार नव्हते. मादाम एडुगीने एक फ्रीझर आधीच बंद केला होता. इयामू ऑनरेबलच्या बंगल्यासमोरच्या मंडपात जाऊन बसले. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर अर्धं शहर बसलेलं होतं: कुणाला शाळा हवी, कुणाला पूल हवा, एकाला बायको परत हवी होती. संध्याकाळी ऑनरेबल सपाता फरफटत बाहेर आले. इयामूंकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

"तुम्ही आमच्या शाळेत व्हाइस होतात ना?"

"होतो," इयामू म्हणाले. एवढ्या लोकांसमोर तो शब्द ऐकून त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण गरजवंताने कानाच्या पाळ्या मोजायच्या नसतात.

"सरांना ट्रान्सफॉर्मर!" ऑनरेबलनी हवेत बोट फिरवलं. मागे उभा असलेला सडपातळ, सुगंधी मदतनीस प्रॉस्पर याने फोनवर काहीतरी टिपून घेतलं. झालं. पूलवाला आणि बायकोवाला इयामूंकडे ज्या हेव्याने बघत राहिले तो त्यांना घरापर्यंत पुरला.

आणि काय सांगावं, ट्रान्सफॉर्मर खरंच आला. नवा कोरा, हिरवा, लॉरीवर उभा, आणि लॉरीपुढे ढोल. बायका नाचल्या. चीफ इगिएबोर लॉरीच्या पुढे असे चालत होते की लॉरी तेच ओढताहेत. तंत्रज्ञांनी जुना सांगाडा उतरवला, नवा चढवला, तारा जोडल्या, घाम पुसला. त्यांच्यातला मोठा खाली येऊन म्हणाला, "सर, झालं. नुसती ही दांडी वर करायची. करू?"

सगळी गल्ली इयामूंकडे बघू लागली. मादाम एडुगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने एकदाच मान हलवली: हो म्हणा.

इयामूंच्या आयुष्यातला हा क्षण ते पुढे वारंवार आठवून पाहत आणि दर वेळी स्वतःच्या तोंडावर हात ठेवावा असं त्यांना वाटे. पण त्या घडीला त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्या देशातल्या कुठल्याही सुशिक्षित माणसाच्या तोंडून निघालं असतं. ते दचकून म्हणाले, "उद्घाटनाआधी?"

गल्लीने एकदम श्वास आत घेतला. खरंच की! ऑनरेबलनी दिलेली वस्तू ऑनरेबल यायच्या आधी वापरायची? बोअरिंगचं पाणी, शाळेचा फळा, दवाखान्याची खाट, कुठलीही गोष्ट फीत कापल्याशिवाय कुणी वापरलेली त्यांच्या पाहण्यात नव्हती. एका गावात तर म्हणे शौचालय आठ महिने फितीत होतं. "सर म्हणतात ते बरोबर," चीफ म्हणाले. "आपण काय रानटी आहोत?" तंत्रज्ञाने खांदे उडवले, लाल फीत बांधली आणि तो गेला. मादाम एडुगीने दार लावून घेतलं, आणि ते आवाज करून लावलं.

मग उद्घाटनाची वाट बघणं सुरू झालं. पहिल्या तारखेला राज्यपालांच्या सासूचा दफनविधी निघाला. दुसऱ्या तारखेला ऑनरेबल राजधानीत गेले. तिसऱ्या तारखेला सगळं जमलं होतं, तर पाऊस आला, आणि फीत भिजून गळाली. ती बदलेपर्यंत नवी तारीख. दरम्यान प्रॉस्परचे निरोप येत: मंडप घाला, खुर्च्या आणा, स्वागताचं भाषण तयार ठेवा, आणि सगळ्यांनी एकसारखं कापड शिवा. कापडावर ऑनरेबलचा चेहरा छापलेला होता. शिंप्याने इयामूंचा सदरा असा बेतला की ऑनरेबलचं नाक नेमकं त्यांच्या पोटावर आलं. ते श्वास घेत तेव्हा ऑनरेबल फुगत, सोडत तेव्हा खंगत.

अंधारात गल्लीचा जीव मेटाकुटीला आला. ट्रान्सफॉर्मर डोळ्यांसमोर, दांडी हाताच्या अंतरावर, आणि मध्ये एक वीतभर रुंदीची फीत. एकदा ममा इतोहानचा नवरा म्हणाला, "हळूच वर करायची, फीत न कापता. कुणाला कळणार?" तर पास्टरच म्हणाले, "देवाला कळेल आणि प्रॉस्परलाही." देवाचं एकवेळ चाललं असतं.

मादाम एडुगी नवऱ्याशी बोलत नव्हती. बोलायची ती बांगड्यांशी, त्याला ऐकू जाईल अशा बेताने. "तुम्हाला काय रे, तुमचं काय जातंय? सडलात तरी मान राखून सडाल. उद्घाटनाआधी हलायचं नाही." निम्मा माल तिने पडत्या भावात विकला, थोडा फुकट वाटला. दुसरा फ्रीझर पेट्रोलवर कसाबसा धुगधुगत होता. गिऱ्हाइकं पलीकडच्या बाजारात जाऊ लागली. तिचं जाणं-येणं, तिचा दरारा, गल्लीत तिच्या शब्दाला असलेली किंमत, सगळं त्या दोन पांढऱ्या पेट्यांत होतं, आणि ते डोळ्यांदेखत पाणी होऊन फरशीवर उतरत होतं. इयामू फडकं घेऊन ते पाणी पुसत. त्यांना रडू येई. पण पोटावर नाक असलेला सदरा अंगात असताना माणूस रडला तर ते बरं दिसत नाही, म्हणून ते आवरत.

शेवटी तारीख पक्की झाली. प्रॉस्परने स्वतः येऊन शपथ घेतली. तेव्हा कुठे मादाम एडुगी नवऱ्याकडे बघून म्हणाली, "शेवटचं विचारते. नक्की?"

"नक्की," इयामू म्हणाले.

तिने बहिणीकडून उसने पैसे घेऊन दोन्ही फ्रीझर काठोकाठ भरले. जो पहिला लाइट लावून ताजा माल विकील, त्याच्याकडे बाजार परत वळेल, असा तिचा हिशेब होता. आणि धंद्यात तिचा हिशेब चुकलेला कुणी पाहिला नव्हता. चुकायचं तर नवऱ्यानेच चुकावं, अशी त्या घराची पद्धत होती.

ऑनरेबल दुपार टळल्यावर आले. तोपर्यंत इयामूंनी स्वागताचं भाषण तीनदा वाचलं होतं, कारण लांबून धूळ दिसली की चीफ ओरडत, "आले!" आणि ते धूळ उडवणारं वाहन पाण्याचा टँकर निघे. पाहुण्यांच्या मानाचं कोलाचं फळ फोडलं गेलं, पास्टरनी प्रार्थनेत देवाला वीज निर्माण केल्यापासूनचा इतिहास सांगितला, ऑनरेबलनी कात्री चालवली, दांडी वर केली, आणि...

लाइट आली! खरंच आली. गल्लीतला प्रत्येक पंखा फिरला, प्रत्येक रेडिओ ओरडला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आतून दोन्ही फ्रीझरची घरघर ऐकू आली आणि मादाम एडुगी दारात येऊन, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, नवऱ्याकडे बघून हसली. तेवढ्या एका हसण्यासाठी इयामू आणखी तीनदा भाषण वाचायला तयार होते. फोटो निघाले. भाताचे डबे वाटले गेले, पोरांना टोप्या आणि माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्या मिळाल्या, ऑनरेबल गेले.

डबे संपायच्या आत क्रेनची लॉरी मागे सरकत आली. दोन माणसं वर चढली आणि दांडी खाली केली. पंखे थांबले.

"हे काय चाललंय?" इयामू ओरडले.

प्रॉस्परने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, ऑनरेबलचा कार्यक्रम आहे ना, 'सात गल्ल्या, सात ट्रान्सफॉर्मर'. बाकीचे सहा बंदरात अडकलेत. तोवर हाच फिरवायचा. उद्या ओगिडा स्ट्रीटला उद्घाटन. सगळ्या गल्ल्या झाल्या की तुमचा तुम्हाला."

"पण उद्घाटन झालंय! फीत कापलीय!"

"म्हणून तर, सर. तुमचं झालं. आता दुसऱ्यांचं अडवून कसं चालेल?"

इयामूंनी चीफना शोधलं, तर चीफ ऑनरेबलच्या ताफ्यातल्या गाडीत बसून कधीच निघून गेले होते. टोप्या घातलेली पोरं माल्ट पीत लॉरीला रस्ता करून देत होती. तेव्हा इयामू एकटे लॉरीसमोर जाऊन हात पसरून उभे राहिले. आयुष्यात प्रथमच ते कशासमोर तरी असे उभे राहत होते. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, त्यांच्या पोटाकडे बघितलं आणि काकुळतीने म्हणाला, "बाजूला व्हा ना साहेब, ऑनरेबलना धक्का लागेल." गल्ली हसली. लोक वाईट नव्हते, पण हसू आलं त्यांना. इयामू बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाड्याच्या मोटरसायकलवर बसून ओगिडा स्ट्रीटला गेले. आज गप्प बसायचं नाही, माइक हिसकावून घ्यायचा आणि जे झालं ते चारचौघांत सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तिथे तोच मंडप होता. तोच हिरवा ट्रान्सफॉर्मर नव्या फितीत उभा होता. आणि मंडपाच्या तोंडाशी त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच कापडाचा सदरा घातलेले एक गृहस्थ हातात भाषण घेऊन उभे होते. निवृत्त कोर्ट क्लार्क, तिथल्या संघाचे सेक्रेटरी.

प्रॉस्परला इयामू दिसले. तो घाबरला नाही, उलट आनंदाने धावत आला. "सर! वा! मी म्हणतच होतो, साक्ष द्यायला कुणीतरी हवं." मग कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "चांगलं बोला. परत द्यायच्या यादीत एहिगी स्ट्रीट पहिली लावतो. वाईट बोललात तर तुम्हीच बघा, बंदर किती लांब आहे." आणि त्याने माइक त्यांच्या हातात दिला.

समोर सगळी ओगिडा स्ट्रीट बसली होती. लोकांचे चेहरे धुतलेले होते. बायकांनी केस विंचरून घट्ट वेण्या घातल्या होत्या. क्लार्कसाहेब मान पुढे काढून ऐकत होते. इयामूंना घरातले दोन फ्रीझर दिसले, त्यांवर पसरलेले दोन हात दिसले. 'यादीत पहिली' या शब्दांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण न ठेवण्याइतकीही त्यांच्यात ताकद उरली नव्हती.

"मित्रहो," ते म्हणाले, "काल आमच्या गल्लीत या ट्रान्सफॉर्मरने लाइट आली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं एक अक्षरही नव्हतं.

खाली उतरताना क्लार्कसाहेबांनी त्यांचा हात धरला. "सर, काल रात्री झोप छान लागली असेल ना? पंख्याखाली?"

इयामूंना आता राहवलं नाही. ते घाईघाईने पुटपुटले, "हे बघा, कुणी मोठा खर्च करू नका. ते हा घेऊन जातील. आमचा नेला. खरं सांगतो."

क्लार्कसाहेबांनी हात सोडला. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरलं आणि त्याच्या जागी किळस आली. "माइकवर एक आणि कानात एक? तुमच्याकडे आली, आता आमची बघवत नाही, असंच ना? शिकलेसवरलेले दिसता."

इयामू गल्लीत परतले तेव्हा ऊन कललं होतं. घरामागच्या आवारात मादाम एडुगीने पिंपांवर जाळ्या टाकून धुरी पेटवली होती. जनरेटरच्या पेट्रोलला पैसे उरले नव्हते, म्हणून सगळा बांगडा बाहेर काढला होता. सुकवून विकला तर निदान बहिणीचे तरी फिटतील. पण इतका माल एका दिवसात धुरावर होणं शक्य नव्हतं, आणि खालच्या थरातून वास सुटला होता. तिचे डोळे लाल झाले होते. धुरामुळेच असणार, असं इयामूंनी ठरवलं.

"काय बोललात तिथे?" तिने मान वर न करता विचारलं.

त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं.

"टाळ्या वाजवल्या?"

"हो."

तिने जाळीखाली आणखी एक लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "म्हणजे आज त्या गल्लीतही कुणीतरी फ्रीझर भरला असेल."

इयामूंनी सदरा काढून कुंपणावर टाकला, तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि चिमट्याने बांगडे उलटवू लागले. तिने सरकून त्यांना जागा करून दिली.